जुन्या पीसीवरच्या टेम्प फाइल्स बिनधास्त उडवायच्या का? सी ड्राइव्ह लाल झालाय

अकरावी_गल्ली :
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या घरात एक जुना डेस्कटॉप आहे, २०१२ सालचा, विंडोज ७, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सासरे त्यावर सोसायटीचा हिशोब बघतात (टॅली), मी क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करते आणि मुलगा त्यावर काय करतो ते त्यालाच माहीत. सध्या सी ड्राइव्ह लाल दिसतोय, ९७ जीबीतले दीड जीबी शिल्लक. वर्ड उघडेपर्यंत माझा कुकर लावून होतो. गल्लीच्या तोंडाला एक दुरुस्तीवाले आहेत त्यांना विचारलं तर मशीन न बघताच "फॉरमॅट मारावा लागणार" म्हणाले. मुलगा म्हणतोय फॉरमॅट कशाला, यूट्यूबवर दाखवलंय, रनमध्ये (कमांड टाइप करायचा डबा) जाऊन टेम्प, %टेम्प% आणि प्रीफेच अशा तीन कमांड मारायच्या आणि जे काय दिसेल ते कंट्रोल ए करून डिलीट. सासरे म्हणतात, खबरदार कुणी हात लावलात तर. दोघांच्या मध्ये मी.

तर प्रश्न असा की या टेम्परवारी फाइल्स खरंच उडवल्या तर चालतं का, कुठल्या अजिबात उडवायच्या नाहीत, आणि टॅलीला काही होणार नाही ना?

गंगावेस_कट्टा :
सासऱ्यांचं ऐका. सी ड्राइव्ह लाल झाला तर होऊ दे, घरात लाल बावटा नको.

कमांड_प्रॉम्प्ट :
गंमत बाजूला. %टेम्प% टाइप केल्यावर जो फोल्डर उघडतो (तुमच्या युजरच्या नावाखाली ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात टेम्प) त्यातलं उडवलं तर चालतं. प्रोग्राम चालू असताना त्याला कच्चं काम करायला जागा लागते, ती ही. काम झालं की त्यानं आपलं आपण आवरून जायचं असतं, पण मध्येच हँग झाला किंवा लाईट गेली की पसारा तिथंच राहतो आणि २०१२ पासूनचा पसारा म्हणजे बघायलाच नको.

दोन गोष्टी पाळा. आधी सगळं सेव्ह करून पीसी रीस्टार्ट करा आणि दुसरं काहीही न उघडता मगच डिलीट मारा, कारण काही सेटअप "रीस्टार्ट करा" म्हणून सांगतात आणि उरलेलं काम रीस्टार्टनंतर टेम्पमधल्या फाइलींवरूनच पुरं करतात. आणि "फाइल वापरात आहे" असा डबा आला तर त्याच्याशी भांडत बसू नका, खालच्या चौकोनात टिक करून स्किप म्हणा, राहिल्या तर राहिल्या.

हातानं करायची भीती वाटत असेल तर सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं डिस्क क्लीनअपचं बटण आहे. ते जरा भित्रं आहे, आठवड्याच्या आतल्या टेम्प फाइलींना हात लावत नाही. सासऱ्यांना तेच पटेल.

प्रीफेचचं मात्र मुलाला सांगा की तो फोल्डर जेमतेम काही एमबीचा असतो. कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फाइली लागतात याची नोंद विंडोज तिथं ठेवतं. ती उडवली की पुढच्या वेळी प्रोग्राम उलट हळू उघडतात आणि विंडोज परत नोंदी करत बसतं. जुन्या झालेल्या नोंदी ते स्वतःच काढून टाकतं, आपण मध्ये पडायची गरज नाही.

पुण्यात_अडकलेला :
+१ प्रीफेचबद्दल. आमच्या ऑफिसात एक जण रोज सकाळी आल्या आल्या तिन्ही कमांड मारतो आणि मग चहाला जातो. पीसीला काही फरक पडत नाही, त्याला बरं वाटतं.

पत्रिकावाला :
अहो थांबा थांबा, टेम्पमधलं सगळं उडवा असं सरसकट सांगू नका. माझं डीटीपीचं काम आहे, पत्रिका, फ्लेक्स, उरुसाची हँडबिलं. कोरल ड्रॉ दर थोड्या वेळानं ऑटो बॅकअप घेतं आणि सेटिंग बदललेलं नसेल तर तो बॅकअप टेम्पमध्येच जातो. कोरल नीट बंद केलं तर तो आपोआप पुसला जातो, पण हँग होऊन बंद पडलं तर तोच एक आधार असतो, परत उघडल्यावर ते विचारतं रिकव्हर करू का म्हणून. ऐन लग्नसराईत रात्री कोरल बंद पडलं आणि कामावरच्या पोरानं "पीसी हँग होतोय" म्हणून कोरल परत उघडायच्या आधी टेम्प साफ केलं तर काय होतं विचारा. मान्यवरांच्या नावांची अख्खी यादी परत टाइप, आणि मान्यवर म्हणजे कोल्हापुरात किती असतात तुम्हाला माहीत आहे.

म्हणून माझा नियम, प्रोग्राम क्रॅश झाला असेल तर त्या दिवशी टेम्पला हात नाही. आधी तो प्रोग्राम उघडून बघायचा, काम परत मिळालं की दुसऱ्या नावानं सेव्ह, मग साफसफाई. आणि ऑप्शनमध्ये जाऊन बॅकअपचा फोल्डर डी ड्राइव्हवर देऊन ठेवायचा. फोटोशॉपचं वेगळं आहे, ते क्रॅश झालं की 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढं आकडे अशा नावाच्या भल्या मोठ्या फाइली मागं राहतात, एकेक दोन दोन जीबीची सुद्धा. त्या फोटोशॉप बंद असताना खुशाल उडवा, त्यातून काही परत मिळत नाही.

गंगावेस_कट्टा :
मान्यवरांची नावं उडाली तरी चालतंय ओ, मामाचं नाव राहिलं तर लग्न मोडतंय.

सुनंदाकाकू_शाहूपुरी :
पत्रिकावाल्यांच्या मुद्द्याला धरूनच सांगते. मी नोकरीत असताना आमच्याकडे एकीला मेलवरून तक्ता आला, तिनं तो सेव्ह न करता मेलमधूनच डबल क्लिक करून उघडला, दुपारभर त्यात आकडे भरले, सेव्ह सेव्ह करत राहिली आणि बंद करून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मेलमधली फाइल उघडली तर रिकामी! ती सेव्ह होत होती ती इंटरनेटच्या टेम्परवारी फोल्डरमध्ये. नशीब त्या दिवशी कुणी साफसफाई केली नव्हती म्हणून संगणक विभागातल्या मुलानं शोधून काढून दिली. तेव्हापासून माझा हात आधी 'सेव्ह ॲज' वर जातो.

कमांड_प्रॉम्प्ट :
काकू, अगदी बरोबर आणि हे फार लोकांना माहीत नसतं. झिपचं पण तेच, झिपच्या आत डबल क्लिक करून फाइल उघडली की ती टेम्पमध्ये सुटते आणि तिथूनच उघडते. म्हणजे टेम्पमध्ये कचराच असतो असं नाही, आपणच न कळत तिथं काम करून ठेवलेलं असतं. अकरावी_गल्ली, तुमच्या प्रश्नपत्रिकांसाठी एक सोपी युक्ती. टेम्प फोल्डर उघडा, वर शोधायच्या चौकोनात ताऱ्याचं चिन्ह, मग टिंब, मग डॉक असं टाइप करा, मग तसंच एक्सएलएस आणि पीडीएफ. काही ओळखीचं दिसलं तर डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करून घ्या, मग उरलेलं उडवा. नावाच्या सुरुवातीला नागमोडी चिन्ह असलेल्या फाइली सोडून द्या, त्या वर्डच्या स्वतःच्या असतात.

टॅलीमामा :
आता टॅलीचं. सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा, त्यांची भीती रास्त आहे. टॅलीचा डेटा टेम्पमध्ये नसतो, तो टॅलीच्या फोल्डरमध्ये डेटा नावाच्या फोल्डरात असतो, आत पाच आकडी नंबरचे फोल्डर, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी. त्यामुळं टेम्प साफ केल्यानं हिशोबाला धक्का लागत नाही.

पण! टॅली ईआरपी ९ च्या डेटा फाइलींच्या नावाच्या शेवटी टिंब ९०० असतं. विंडोज त्यांना ओळखत नाही, नुसतं पांढरं कोरं चित्र दाखवतं. साफसफाईच्या भरात कुणाला तरी वाटतं की "ही कसली ९०० ची फाइल, उघडत तर नाही, व्हायरस असेल", आणि मार्च एंडला आमचा फोन वाजतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या भाच्यानं असं केलंय, नाव सांगत नाही, ते इथं वाचत असतात. तेव्हा आधी टॅलीतून बॅकअप घ्या, टीबीके९०० अशी फाइल तयार होईल, ती पेनड्राइव्हवर टाका आणि पेनड्राइव्ह सासऱ्यांच्या हातात द्या. बॅकअप सी ड्राइव्हवरच घेऊन ठेवणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल नंतर बोलू.

अकरावी_गल्ली :
टॅलीमामा, तुमचा निरोप दिला. सासरे म्हणाले "हा माणूस कळता आहे". बाकी कुणाबद्दल अजून काही बोलले नाहीत.

बावडा_एक्सप्रेस :
एवढी कटकट कशाला? सीसीक्लीनर हा साफसफाईचा प्रोग्राम टाका, एक बटण दाबा, विषय संपला. मी कितीतरी वर्षं वापरतोय. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी) पण साफ करून देतं.

कमांड_प्रॉम्प्ट :
विषय संपतो की सुरू होतो ते बघावं लागेल. २०१७ मध्ये त्याच सीसीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हॅकरांनी बनवणाऱ्यांच्याच सर्व्हरवरून मालवेअर घुसवलं होतं, २२ लाखांहून जास्त लोकांनी ती आवृत्ती टाकलेली. ऑगस्टात आली आणि सप्टेंबरात उघडकीला आली, मधल्या काळात लोक खऱ्या, अधिकृत साइटवरून घेऊन निवांत वापरत होते. ते नंतर दुरुस्त केलं, आजचं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण टेम्प साफ करायला विंडोजमध्येच सोय असताना बाहेरचा माणूस घरात कशाला घ्यायचा.

आणि रजिस्ट्री साफ करून काहीही वेग वाढत नाही. हजार नोंदी काढल्या तरी काही केबी वाचतात, आणि एखादी कामाची निघाली की मग बसा. मायक्रोसॉफ्ट स्वतः असली साधनं वापरू नका म्हणून सांगतं.

बावडा_एक्सप्रेस :
माझं तर कधी काही बिघडलं नाही.

गंगावेस_कट्टा :
हेल्मेट न घालणारे पण असंच म्हणतात. (मी पण घालत नाही.)

पेंग्विन_फुलेवाडी :
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टम टाका. टेम्पचा फोल्डर रीस्टार्टला आपोआप साफ होतो, ४ जीबी रॅमवर मजेत चालतं, व्हायरसची कटकट नाही.

टॅलीमामा :
त्यावर टॅली चालतं का?

पेंग्विन_फुलेवाडी :
वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं साधन) वापरून खटपट करता येते.

अकरावी_गल्ली :
वाईन आमच्या घरात चालायची नाही, माळकरी घर आहे.

स्क्रूड्रायव्हर :
माझं स्वतःचं दुरुस्तीचं काम आहे, लक्ष्मीपुरीकडं. दुरुस्तीवाल्यांवर सगळे तुटून पडायच्या आधी आमची पण बाजू ऐका. गिऱ्हाईक सकाळी मशीन आणून टाकतं आणि संध्याकाळी न्यायला येतं. द्यायचे असतात तीनशे-चारशे रुपये. त्यात टेम्प बघा, स्टार्टअप बघा, कुठला फोल्डर फुगलाय ते शोधा, गिऱ्हाइकाला फोन करून "ही फाइल तुमची का" विचारा, यात अर्धा दिवस जातो. फॉरमॅट मारला की दोन तासात मशीन नवीन होतं आणि गिऱ्हाईक खूष होतं, निदान घरी जाऊन "माझे फोटो कुठं गेले" विचारेपर्यंत. न बघता फॉरमॅट सांगणं चूकच, ते मी पण म्हणतो. पण व्यवस्थित साफ करून द्या आणि त्याचे पैसे लावा म्हटलं तर "नुसतं डिलीट तर केलंय की" हे ऐकावं लागतं.

आता कामाचं. ताई, टेम्प साफ केल्यानं जागा मिळेल पण वेग मिळेलच असं नाही. सी ड्राइव्ह भरलेला असतो तेव्हा विंडोजला हलायला जागा नसते म्हणून अडकतं, प्रिंट सोडली तर स्पूलला (छपाईची रांग ठेवायला) जागा नाही म्हणून प्रिंट येत नाही, वर्ड सेव्ह करताना रडतं. तेवढं सुटेल. पण २०१२ ची हार्ड डिस्क ती २०१२ ची. आणि आधी एक बघा, ५०० जीबीतला सी ९७ चा म्हणजे डी, ई रिकामे पडले असतील. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये जे काय ठेवलंय ते पण सी मध्येच असतं, हे कुणाच्या डोक्यात नसतं.

उद्यमनगर_तीन_पाळी :
वेगावरून आठवलं. आमच्याकडं फाउंड्रीची काळी बारीक धूळ असते. ऑफिसातला पीसी हँग होतोय म्हणून पोरानं टेम्प, रिसायकल बिन, जे दिसेल ते साफ केलं, काही फरक नाही. शेवटी सीपीयूचा पत्रा उघडला तर प्रोसेसरवरचा पंखा दिसतच नव्हता, पंख्याच्या आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये धुळीची चांगली बोटभर जाडीची गादी झालेली, एका तुकड्यात निघाली. गरम झाला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, पळायला लागला. तेव्हा आतली साफसफाई करताय तर बाहेरची पण करा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो आणि बिघडतो.

अकरावी_गल्ली :
सगळ्यांचे आभार. काल टॅलीचा बॅकअप घेतला, पेनड्राइव्ह सासऱ्यांच्या कपाटात कुलपात गेला, मग त्यांनी परवानगी दिली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. रीस्टार्ट करून %टेम्प% उघडलं. कमांड_प्रॉम्प्ट म्हणाले तसं आधी शोधून बघितलं तर माझ्या जुन्या दोन प्रश्नपत्रिका आणि सासऱ्यांची कुठलीशी पावती सापडली, ती काढून घेतली. मग डिलीट. चार-पाच फाइली स्किप कराव्या लागल्या. पण एवढं करून मिळाले किती, फक्त २ जीबी! डाउनलोड्समधलं मुलाचं सामान डी मध्ये हलवलं, त्यात ६ जीबी गेले. तरी बाकीचं एवढं कुणी खाल्लंय तेच कळत नाही. प्रोग्राम फाइल्स आणि युजर्स मिळून ३० च्या वर जात नाहीत.

पुण्यात_अडकलेला :
विनडिरस्टॅट नावाचं फुकट साधन आहे, कुठला फोल्डर किती मोठा ते रंगीत चौकोनांत दाखवतं. चालवा आणि सगळ्यात मोठा चौकोन कशाचा ते इथं सांगा. त्यातून काही डिलीट मात्र करू नका, नुसतं बघा.

गंगावेस_कट्टा :
तोवर एक सूचना. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर कसं पुरासाठी ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका लिहिलेलं असतं, तसं सी ड्राइव्हला पण पातळी ठरवून द्या. म्हणजे पोराच्या गेमचं आधीच स्थलांतर करता येईल.

कमांड_प्रॉम्प्ट :
पातळी आहेच, १० टक्क्यांपेक्षा कमी जागा राहिली की पट्टी लाल होते. लोक त्याच्याकडं पण दुर्लक्ष करतात.

सुनंदाकाकू_शाहूपुरी :
पुराचं नाव काढलंत म्हणून, जरा अवांतर. ऑगस्ट २०१९ ला आमच्या तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा माणसं, गॅस, कागदपत्रं वर नेली आणि टेबलाखालचा सीपीयू सगळे विसरले. नातवाचे बारशापासूनचे फोटो त्यात. पाणी उतरल्यावर आमचे हे लगेच पिन लावून "चालतोय का बघू" म्हणाले, मी पिनच काढून ठेवली.

स्क्रूड्रायव्हर :
काकू, त्या पिनेनं तुमचे फोटो वाचवले असणार. त्या वर्षी आणि परत २०२१ च्या जुलैत आमच्याकडं गाळानं भरलेले सीपीयू नुसते रचून ठेवलेले. ज्यांनी ओलं असताना सुरू करून बघितलं त्यातले बहुतेक गेले, ज्यांनी हातच लावला नाही त्यांच्या डिस्क बऱ्याच वाचल्या.

अकरावी_गल्ली :
विनडिरस्टॅट चालवलं. सगळ्यात मोठा चौकोन सी मधल्या विंडोजच्या आतल्या टेम्पचा, ४१ जीबी!! उघडला तर कॅब, मग खाली रेघ, पुढं आकडे अशा नावाच्या फाइलींची रांगच्या रांग, बहुतेक सगळ्या शंभर एमबीच्या आसपास. मुलगा डिलीटवर बोट ठेवून बसलाय. सासऱ्यांनी त्याचा हात धरलाय. लवकर सांगा.

पुण्यात_अडकलेला :
उडवा की, विंडोजचा टेम्प पण टेम्पच.

कमांड_प्रॉम्प्ट :
उडवायच्याच आहेत पण थांबा, नुसत्या त्या उडवल्या तर थोड्या दिवसात परत भरतील. हा विंडोज ७ चा जुना आजार आहे. अपडेटची नोंद ठेवणारी एक लॉग फाइल असते, ती मोठी झाली की विंडोज ती आवळून कॅब (झिपसारखी फाइल) करायला घेतं. लॉग २ जीबीच्या पुढं गेली की आवळणाऱ्या प्रोग्रामला ती झेपत नाही, तो मध्येच सोडून देतो आणि अर्धवट कॅब टेम्पमध्ये टाकून जातो. मग थोड्या वेळानं परत प्रयत्न, परत अर्धवट कॅब. तुमचा पीसी कित्येक दिवस हेच करत बसलाय, डिस्क सारखी घरघरते ती यामुळंपण असेल.

असं करा. रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी, त्यात 'विंडोज मोड्यूल्स इन्स्टॉलर' शोधा, चालू असेल तर स्टॉप. मग सी, विंडोज, लॉग्ज, सीबीएस असं आत जा. तिथं सीबीएसपर्सिस्ट नावानं सुरू होणारी अवाढव्य लॉग फाइल दिसेल, ती डिलीट. त्यानंतर विंडोजच्या टेम्पमधल्या त्या कॅब फाइली. परवानगी मागेल, कंटिन्यू म्हणा. झालं की रीस्टार्ट. विंडोजच्या फोल्डरमधलं याशिवाय दुसरं काहीही हातानं डिलीट करायचं नाही. तिथं विनएसएक्सएस नावाचा एक जाडजूड फोल्डर दिसेल आणि मुलाचे हात शिवशिवतील, त्याला सांगा तो हात लावायचा नाही. त्याचा दिसतो तेवढा आकार खरा नसतो, एकच फाइल दोन ठिकाणी दिसते म्हणून दोनदा मोजली जाते.

बावडा_एक्सप्रेस :
हे मात्र भारी आहे. मान्य. सीसीक्लीनरनं हे असं लॉगपर्यंत जाऊन केलं नसतं.

अकरावी_गल्ली :
झालं!!! लॉग फाइल ३ जीबीच्या वर होती. सगळं मिळून सी वर आता ५२ जीबी मोकळे, पट्टी निळी. टॅली उघडून सासऱ्यांनी मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद तपासला आणि मगच खुर्ची उचलली. वर्ड बरंच लवकर उघडतंय, अगदी झटकन नाही.

स्क्रूड्रायव्हर :
आता हात ओला आहे तर डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबा, परत मोजणी होईल आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप' असं दिसेल. विंडोज ७ ला ते २०१३ च्या ऑक्टोबरातल्या अपडेटनं आलं, तुमच्याकडं असेल. त्यातून अजून चार-पाच जीबी निघतात बऱ्याचदा. मात्र त्यानंतरचा रीस्टार्ट लांबतो, "बंद करू नका" असं लिहून बराच वेळ थांबतं. वळीव यायच्या तोंडावर करू नका, इन्व्हर्टर असेल तरच करा. मध्ये लाईट गेली तर मग खरंच माझ्याकडं यावं लागेल.

हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून पीसी बंद करणं) वापरत नसाल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, डॅश एच, स्पेस, ऑफ. विंडोज ७ त्यासाठी रॅमच्या ७५ टक्के जागा अडवून ठेवतं, म्हणजे तुमचे ३ जीबी. डेस्कटॉपला कोण हायबरनेट करतंय.

सुनंदाकाकू_शाहूपुरी :
माझ्याकडे लेकानं दिलेला विंडोज १० चा लॅपटॉप आहे, त्याला पण हेच लागू का?

कमांड_प्रॉम्प्ट :
कॅबचं बहुधा नाही. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्परवारी फाइल्स असं जा. यादीत डाउनलोड्स असं एक नाव दिसेल, त्यावर टिक करू नका. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेले सगळे फोटो, लाईट बिलं, आधारच्या पीडीएफ तिथंच असतात. मध्ये काही आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टनं डिस्क क्लीनअपच्या यादीत पण डाउनलोड्स घुसवलं होतं, लोकांनी सवयीनं सगळ्यांवर टिक मारली आणि बोंब झाली, मग २००४ आवृत्तीत (हा आवृत्तीचा नंबर, साल नव्हे) काढून टाकलं. ब्राउझर साफ करताना फक्त 'कॅश इमेजेस अँड फाइल्स', पासवर्डवर टिक नको.

पेंग्विन_फुलेवाडी :
कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. जागा मोकळी झाली म्हणून ७ वरून नेट बँकिंग करू नका. आणि त्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. म्हणून म्हणत होतो, मिंट.

अकरावी_गल्ली :
नेट बँकिंग मोबाईलवरच करतो, काळजी नसावी. मुलाचं आणि सासऱ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालंय की एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकायची. स्क्रूड्रायव्हर, जमेल का या मशीनला?

स्क्रूड्रायव्हर :
बिनधास्त. २५६ जीबीची सॅटा एसएसडी, आहे ते विंडोज जसंच्या तसं क्लोन करून देता येतं, जुनी डिस्क डेटाला ठेवायची. आता सी ५० च्या आत आलाय त्यामुळं क्लोन पण पटकन होईल. आणि एसएसडीला डीफ्रॅग (डिस्कवरचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) चालवायचा नाही.

टॅलीमामा :
थांबा! डिस्क बदलायच्या आधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, डिस्क बदलली की ते ओळख विसरायची शक्यता असते आणि एज्युकेशनल मोडमध्ये जातं, मग महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेशिवाय एंट्री घेत नाही. सरेंडर करून मग नवीन डिस्कवर परत ॲक्टिव्हेट करायचं. त्यासाठी सीरियल नंबर, ॲक्टिव्हेशन की आणि ज्या ईमेलवर नोंदणी केली तो ईमेल लागेल, अनलॉक की त्यावरच येते.

अकरावी_गल्ली :
ईमेल विचारला. २०१२ साली सोसायटीच्या तेव्हाच्या सेक्रेटरींचा दिला होता म्हणे. ते आता मुलीकडे नाशिकला असतात.

टॅलीमामा :
मग आज रात्रीच फोन लावा त्यांना. पासवर्ड त्यांना आठवत असला तर बरं, नाहीतर मूळ बिल शोधून ठेवा, त्यावर सीरियल नंबर असतो. स्क्रूड्रायव्हर, तोवर तुम्ही डिस्कला हात लावू नका.

स्क्रूड्रायव्हर :
नाही लावत मामा.